पुतळाबाईचा आवाज कोणी पळवला?

“आत्या, आजीचा आवाज चोरला कोनीतरी!”

फोनवर रुतिका रडत नव्हती, ओरडत होती. इन्स्पेक्टर अमिता ठाकूर तशीच शिरवण्याला माहेरी निघाली.

पुतळाबाई ही अमिताची आई आणि गावाची धवलारीण. तिने धवले, म्हणजे लग्नगीतं, म्हटल्याशिवाय गावातलं लग्न लागत नसे. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज कायमचा गेला. त्याआधी नात रुतिकाने सगळे धवले आपल्या जुन्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवले होते.

“दुसरी कॉपी?” अमिताने विचारलं.

“तीच करायची होती. पन लॅपटॉप एवढा स्लो, की कॉपीला टाकलं की हँग. म्हनून हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायला लॅपटॉप दुकानात दिला. दुकानदाराने नवीन विंडोज टाकलं आनि जुनी डिस्क पिशवीत घालून परत दिली. ती केबलने जोडली, तर नुसती टकटक वाजते. उघडतच नाय.”

“हे कुणाला सांगितलंस?”

“फक्त तुला. जोडली तेव्हा आजी शेजारी होती.”

आजी बिचारी कोणाला सांगणार!

“आता कुणापुढे एक शब्द काढू नकोस.”

अमिताने डिस्क उलटसुलट करून पाहिली. लॅपटॉप तिनेच २०१४ साली घेऊन दिला होता. डिस्कच्या लेबलावर मात्र २०१८ छापलेलं होतं. डिस्क सरळसरळ बदलली होती.

नेरूळच्या दुकानात तिने ती दुकानदार श्यामसुंदरच्या काउंटरवर आपटली.

“आमची डिस्क कुठे आहे?”

“मॅडम, ही मी दिलेली नाहीच. तुमची एकदम चालू होती.”

“प्रत्येक चोर हेच म्हणतो.”

“मग दुकानाला कुलूप लावा! पण चोर म्हणू नका. मी कल्पेशभाऊंच्या हातात पिशवी दिली.”

कल्पेश हा अमिताच्या थोरल्या भावाचा मुलगा, रुतिकाचा चुलतभाऊ. उलव्याला राहायचा, हळदीत डीजे वाजवायचा. पिशवी रुतिकाच्या हातात देऊन तो दारातूनच परत गेला होता. त्यानंतर फिरकला नव्हता.

अमिताने दोघांनाही घरी बोलावलं. पुतळाबाई पलंगावर बसून होती.

“रुतिकाचं रेकॉर्डिंग गेलं,” अमिता एवढंच म्हणाली. “कल्पेश, पिशवी उघडली होतीस?”

“नाय आत्या. दिली तशी आनली.”

“डिस्क कशाला जोडून पाहिलीस?”

“हात पन नाय लावला. या श्यामनेच वाट लावली तिची! टकटक करते नुसती. आता काय निघनार त्यातून?”

श्यामसुंदर ताडकन उठला. अमिताने त्याला हातानेच खाली बसवलं.

“टकटक करते, हे तुला कोणी सांगितलं?”

“रुतिकाने.”

“खोटं!” रुतिका किंचाळली. “मी तुझ्याशी बोलले तरी का?”

“बंद डिस्क मुकी असते,” अमिता म्हणाली. “जोडल्याशिवाय ती वाजत नाही. इथे ती वाजताना ऐकली रुतिकाने आणि आईने. श्यामसुंदरने चालू डिस्क दिली. वाटेत तू तुझ्याकडची मेलेली डिस्क पिशवीत घातलीस आणि खापर याच्यावर फोडलंस. लेबलावरचं साल बघायची अक्कल तुला झाली नाही.”

“मी आजीकडे रेकॉर्डिंग मागितलं होतं ना!” कल्पेश एकदम चिडून म्हणाला. “आजीने नको म्हनून मान हलवली. धवल्यांचा रिमिक्स करनार होतो. आजीचंच नाव झालं असतं!”

“आजीचं? मग कॉपी करून डिस्क परत का नाही दिलीस? मूळ रेकॉर्डिंग इथे राहिलं असतं, तर तुला ते स्वतःच्या नावावर खपवता आलं नसतं. सख्ख्या आजीचा गळा विकायला निघालास, मेल्या!”

त्याने गाडीतून डिस्क आणून दिली. रुतिकाने ती जोडली आणि पुतळाबाईचा खणखणीत आवाज घरभर झाला. पलंगावर तिचे ओठ हलायला लागले.

“मी हे सगळं पाठ करनार,” रुतिका म्हणाली. “गावातल्या प्रत्येक मांडवात म्हननार. तुझ्या सोडून.”

“आजी, हिला सांग ना! पुढच्या महिन्यात माझं लगीन हाय. धवले नायत तर लगीन कसलं?”

पुतळाबाईने आजवर या नातवाचा एकही हट्ट मोडला नव्हता. आज तिने दाराकडे बोट दाखवलं.

कल्पेशने चपला घातल्या आणि तो निघून गेला.