मिनिटाला बारा शब्द

बारामतीच्या तार ऑफिसात मी शिरले ती केवळ पावसाची सर आली म्हणून. आत यंत्र टकटक करत होतं आणि एक तरुण तारबाबू ती टकटक ऐकत कागदावर शब्द उतरवत होता.

"तार करायची हाय का?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"नाही. ऐकतेय. मला मोर्स येतं."

आता त्यानं वर पाहिलं. डोळ्यांत हसू होतं. शेजारच्या सरावाच्या यंत्रावर त्यानं टकटक केली. "सांगा मग."

मला एक अक्षर कळलं नाही. मी मोर्स शिकले होते घरच्या रेडिओवर, आखूड आणि लांब सुरांतून. इथं सूर नव्हताच. दोन टोल्यांमधलं अंतर ओळखायचं होतं. कान तापले. मग मी ओठांचा चंबू करून, त्याच वेगानं, शिट्टीवर एक शब्द वाजवला.

"आता तुम्ही सांगा."

त्यालाही एक अक्षर कळलं नाही.

"महिपती!" आतून पोस्टमास्तर हिंदुराव ओरडले. "शिट्ट्या कोण मारतंय?"

"यंत्र बिघडलंय, रावसाहेब!" आणि मग हळूच मला, "काय म्हणालात?"

"'फिटंफाट'."

१९५६ साल होतं. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली मी काटेवाडीत घरी होते आणि मला स्वतःचं हौशी बिनतारी केंद्र हवं होतं. त्याला सरकारी परवाना लागतो. खालच्या परवान्याला मिनिटाला पाच शब्द पुरतात, पण मग फक्त मोर्सच वापरायचं. स्वतःच्या आवाजात बोलायची मुभा वरच्या परवान्याला. त्यासाठी मिनिटाला बारा शब्द ऐकून घेताही यायला हवेत आणि पाठवताही. घेणं मला जमत होतं. पाठवण्यात मी एकदा नापास झाले होते.

महिपती शिकवायला तयार झाला. दुपारच्या सुट्टीत, ऑफिसच्या पायरीवर, करवतीच्या पात्याची त्यानं स्वतः केलेली, टकटक करायची कळ घेऊन. मी सायकलनं यायची.

"मनगट सैल सोडा, कौसल्याबाई. काकडी चोचवताय व्हय?"

"तुम्ही बोटं बघू नका, नुसतं ऐका."

"ऐकतोयच की... बघणं फुकटात होतंय."

माझी लांब खूण लगेच आखूड पडायची. तो हसायचा, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. सात शब्द. नऊ. साडेनऊवर गाडी अडली.

"पाचाचीच परीक्षा द्या. हमखास पास व्हाल."

"आणि मग नुसती टकटकच करत बसू? मला बोलायचंय."

"कुणाशी?"

मी पुन्हा कळ दाबायला लागले. त्या दिवशी दहा झाले.

भाद्रपदात त्याची बदली इंदापूरला झाली. कळ माझ्या हातात देऊन तो एवढंच म्हणाला, "आता दोनच ऱ्हायलेत." त्यानंतर दीड महिना मी रोज तीन तास कळ दाबली. मनगट सुजलं तेव्हा हळद लावून दाबली. पुण्यात परीक्षकांनी घड्याळ बंद केलं, तेव्हा बारा भरून वर एक झाला होता.

मी तार केली नाही. एस.टी.नं थेट इंदापूरला गेले. खिडकीपलीकडे महिपती होता. मी परवान्याचा अर्ज आत सरकवला.

"पास?"

"पास."

तो इतका हसला की मागची माणसं बघायला लागली. मग अर्ज वाचताना थांबला. "केंद्राचा पत्ता कोरा सोडलाय."

"परवाना एकाच पत्त्याचा मिळतो. यंत्र तिथंच चालवायचं. काटेवाडी लिहावं, तर तिथं मी किती दिवस राहणार... ते तुम्हाला विचारायला आले."

त्यानं अर्ज मेजावर नीट पसरला.

"तुमच्या आबासाहेबांना ठाऊक हाय?"

"वडिलांना काल सांगितलं. म्हणाले, आधी पोराला विचार, मग मला."

"माझी नोकरी बदलीची हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "तीन वर्षं इथं, तीन तिथं."

"मग दर तीन वर्षांनी पत्ताबदलाचा अर्ज करीन. कितीही वेळा."

महिपतीनं टाक दौतीत बुडवला आणि कोऱ्या जागेत, सुवाच्य अक्षरात, स्वतःच्या इंदापुरातल्या घराचा पत्ता लिहिला.