गुरुवारचे फुगे

त्या वर्कशॉपमध्ये खरं तर माझा सहकारी जाणार होता. त्याला ताप आला, म्हणून मी गेले. तक्रार आमच्या कंपनीच्या ग्लूबद्दल होती. दरवाज्यांवर चिकटवलेलं व्हीनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, जागोजागी फुगत होतं. मालक तरुण. केसांत भुसा, चेहऱ्यावर भांडायची पूर्ण तयारी. तो ग्लू फार पातळ लावत होता, एवढंच. मी दाखवलं, तसा तो वरमला.

"चहा... घेणार?"

तेव्हापासून दर गुरुवारी तपासणीला जायचं ठरलं. पण बाकीचे दरवाजे झकास निघायचे आणि गुरुवारचे तेवढे फुगायचे.

"तुमचा ग्लू गुरुवारी रुसतो वाटतं," तो म्हणाला.

"ग्लू रुसत नाही. माणसं चुकतात."

"मग शोधा की चूक... सावकाश."

सावकाश कसलं! गिऱ्हाइकाकडून आणखी एक खेप परत आली असती, तर त्याची ऑर्डर हातची जाणार होती. आणि चूक सापडली की माझं येणं बंद होणार होतं. ते मला अजिबात नको होतं. तरी पुढच्या गुरुवारी मी न सांगता सकाळीच गेले.

कोपऱ्यात शेगडीवर केटली खळखळत होती. वरच्या फळीवर त्या दिवशी चिकटवायचं व्हीनियर. मी ओल मोजायचं मीटर टेकवलं... आकडा भलताच वर.

"केटली कधीपासून चालू आहे?"

दरवाजे दाबायच्या प्रेसजवळून त्याचे काका म्हणाले, "शटर उघडल्यापासून! तुमची यायची वेळ नक्की नसते ना. पाणी आटलं की हा पुन्हा भरतो. एरवी आम्हाला चहा बाहेरचाच."

त्याचे कान लाल झाले. मला हसू आवरेना, पण आधी कामाचं बोलले. "सगळी वाफ व्हीनियर पितंय. ओलं चिकटवलं की फुगणारच. केटली इथून हलवा."

"मग फुगे थांबतील?"

"थांबतील."

"आणि तुमचं येणं?"

"तक्रार नाही, तर येणं नाही."

त्यानं रांगेनं उभ्या दरवाज्यांकडे पाहिलं... आणि शेगडी बंद केली. मला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं.

पुढच्या गुरुवारी त्याचा फोन आला.

"एकही फुगा नाही."

"छान."

"केटली घरी नेलीय. सकाळपासून उकळतेय. आई विचारत होती, कुणासाठी म्हणून."

"मग... काय सांगितलंत?"

"म्हटलं, जिच्यासाठी ठेवलीय, तिला अजून विचारलंच नाही. येणार?"

मी पर्स उचलली. मीटर टेबलावरच राहू दिलं.