टाळीआधीचं दीड मिनिट

शर्यत संपली की स्टेडियममध्ये दीड मिनिट कोणी टाळी वाजवत नसे. वीस हजार माणसं, पण मास्तर वर्गात शिरल्यासारखी चिडीचूप. जिंकलेला खेळाडूही धापा टाकत मोठ्या फलकाकडे बघत उभा राहायचा. तिथं हिरवा दिवा लागला, की मग काय तो जल्लोष.

हे सगळं रक्तसाक्षीमुळं. रक्तसाक्षी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र, प्रत्येक खेळाडूच्या खांद्यात कातडीखाली बसवलेलं. ताकद वाढवणारं औषध रक्तात सापडलं तर दिवा लाल, नाहीतर हिरवा. भानगडच नाही.

साठीतले हिरामण भोये लेकीची शर्यत बघायला सुरगाण्याहून आले होते. सुगंधानं सकाळी एकच मागणं मागितलं होतं. "आबा, मी पहिली आले तर दिव्याची वाट नका बघू. लगेच ओरडा. एवढ्या लोकांत एक तरी."

"ओरडेन की," आबा म्हणाले होते, आणि अगदी मनापासून. ओरडायची हौस त्यांना काय कमी होती? विशीत ते एका धावपटूसाठी घसा बसेपर्यंत ओरडले होते. पुढं तो औषध घेऊन धावत होता असं निघालं. दोन दिवस आबांच्या घशाखाली घास उतरला नाही. तसं बेभान ओरडणं पुन्हा कधी जमलंच नाही, आणि त्यासाठी त्यांचा जीव अजून तुटायचा.

शेजारच्या खुर्चीत नुकतीच ओळख झालेल्या डॉ. केळुसकर होत्या. रक्तसाक्षी त्यांनीच बनवलेली.

"मॅडम, दीड मिनिट कशाला लागतं हो?"

"रक्तातले हजारो पदार्थ वेगळे करून तपासायचे म्हणजे तेवढा वेळ लागणारच, भोये. पण यंत्र चुकत नाही."

"लाल दिवा किती वेळा लागला?"

"पहिल्या वर्षी अकरा वेळा. नंतरच्या बारा वर्षांत एकदाही नाही. आता कोणी औषध घेतच नाही. मला वाटलं होतं, मग लोक वाट बघणं सोडतील."

शेवटची फेरी सुरू झाली. तिसरी असलेल्या सुगंधानं वळणावर दोघींना मागं टाकलं. आबा ताडकन उठले. इतक्या वर्षांचं काहीतरी छातीतून गळ्यापर्यंत आलं. सुगंधानं रेषा ओलांडली आणि थेट त्यांच्याकडे पाहिलं.

आबांनी तोंड उघडलं, आणि नजर सवयीनं फलकाकडे गेली. क्षणभरच. परत वळून बघतात तो सुगंधाही फलकाकडे बघत होती.

हिरवा दिवा लागला. वीस हजार माणसं ओरडली. आबाही ओरडले, अगदी गळा फाटेस्तोवर.

संध्याकाळी पदक गळ्यात घालून ती भेटायला आली, वाकून पाया पडली. मग हळूच म्हणाली, "आबा, तुम्हाला शंका आली होती का?"

"नाही गं पोरी. शपथ."

ते खरंच होतं. पण ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसावा म्हणून दाखवायला आबांपाशी काहीच नव्हतं.