तिसरा कप राहिला

खजुराच्या बिया गोळा करायच्या तर दुपारच्या जेवणानंतर लगेच जावं लागायचं, नाहीतर मुंग्या आधी पोचायच्या. पहारेकरी भिंतीच्या सावलीत बसून खजूर खायचे आणि बिया अंगणात थुंकायचे. मी ओढणीचा झोळ करून त्यांच्या मागे फिरायचे. मिलाद नावाचा एक जाडजूड पहारेकरी होता, तो मला पाहिलं की मुद्दाम बी लांब उडवायचा आणि म्हणायचा, "पळ गं अकबरेत, तुझं सोनं चाललं." मी म्हणायचे, "उडव बाबा. घटकाभरानं कप घेऊन येशील, तेव्हा बघते तुझ्याकडे."

आम्ही एरिट्रियाच्या बायका. वाळवंट पार करून लिबियाच्या किनाऱ्याला लागलो होतो, समुद्रापलीकडे जाऊन आसरा मागायचा होता. त्याआधीच पकडलं आणि पोराबाळांसकट एका बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यात कोंडलं. गुरांचा कोंडवाडा तरी बरा, गुरांना सोडवायला कोणीतरी येतं. भिंतींना मासळीचा जुना वास होता आणि उकाडा असा, की मुलं दिवसभर फरशीला गाल लावून पडायची.

पण कॉफी व्हायचीच. आमच्यात कॉफी नुसती पीत नाहीत, मांडतात. बिया भाजायच्या, धूर सगळ्यांच्या नाकापर्यंत फिरवायचा, कुटायच्या, उकळायच्या. तीन फेऱ्या. पहिली कडक, दुसरी बरी, तिसरी पाणीदार. पण तिसरी बरकतीची, तिच्याशिवाय उठणं म्हणजे अपशकुन. खरी कॉफी कुठली तिथे? खजुराच्या बिया, टोमॅटोचा डबा, कप म्हणून बाटल्यांची कापलेली बुडं, आणि मिलादच्या चहाच्या शेगडीतले उरलेले निखारे. उदाऐवजी संत्र्याची साल. चव म्हणाल तर जळक्या चपलेची. जुफान, माझी तिथली मैत्रीण, पहिला घोट घेऊन रोज म्हणायची, "वा, आज कालच्यापेक्षा वाईट झालीय." आणि आम्ही हसत सुटायचो.

पहिला कप नेहमी सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला. आमच्यात एक आजी होती. कोपऱ्यात पांढरं वस्त्र डोक्यावरून घेऊन बसायची, बोलायची नाही, कप दोन्ही हातांनी घ्यायची. आम्हाला प्यायला पाणी पुरत नव्हतं, तरी तिचं वस्त्र पांढरंशुभ्र, आणि त्याला उन्हात वाळलेल्या सुताचा वास. मुलं तिच्या मांडीत जायला भांडायची. माझी डेलिना तर कॉफी होईतो तिथेच झोपायची. "मावशी," ती म्हणायची, "आजीची मांडी गार असते. माठासारखी." आम्ही म्हणायचो, चला, पंखा नाही तर आजी तरी आहे.

डेलिना माझ्या बहिणीची मुलगी. माय मरो पण मावशी जगो, म्हणतात. माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं झालं. बहीण वाळवंटातच राहिली. जाताना तिनं मुलीचा हात माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून मी तो हात रात्री झोपेतही सोडलेला नव्हता.

आणि तोच हात सोडवायचा हुकूम निघाला. मुफ्ताह म्हणून तिथला मुख्य अधिकारी होता, इस्त्रीचा शर्ट घालणारा, कधी आवाज न चढवणारा. त्यानं सांगितलं की ज्या मुलाबरोबर सख्खी आई किंवा बाप नाही, ते मूल वेगळ्या ठिकाणी जाईल. मी म्हटलं, मी मावशी आहे. तो शांतपणे म्हणाला, मावशी म्हणजे आई नव्हे. गुरुवारी दुपारी गाडी येईल. वेगळं ठिकाण कुठे, ते मिलादलाही ठाऊक नव्हतं. तिकडे गेलेलं मूल परत आल्याचं त्यानं पाहिलेलं नव्हतं, एवढं मात्र तो बोलून गेला आणि मग दिवसभर माझ्याकडे बघेना.

गुरुवारी गाडी आली, दाराबाहेर उभी राहिली. मला वाटलं होतं मी किंचाळेन, दाराला लोंबकळेन. पण जुफान म्हणाली, "आधी कॉफी मांडू. मुलीला आशीर्वादाशिवाय पाठवायची नाही." बिया तिनंच भाजल्या. धूर फिरवला... आणि सगळ्या बायकांनी एकदम माना वर केल्या.

तो खजुराच्या बियांचा वास नव्हता. कॉफीचा होता, खऱ्या कॉफीचा, आल्याचा तुकडा घातलेल्या. माझ्या आईच्या अंगणात यायचा तसाच. मासळीचा वास पार गेला होता. जुफाननं बिया भाजायचं झाकण नाकाजवळ नेलं, आत बघितलं. आत खजुराच्याच बिया होत्या.

त्या वासानंच मुफ्ताहही आत आला असावा. दारात उभा राहून म्हणाला, "मुलगी कुठाय?" डेलिना आजीच्या मांडीत होती. तेवढ्यात आजीनं हात वर केला आणि समोरच्या जागेकडे बोट केलं. बस, असं.

मांडलेली कॉफी नाकारणं त्यांच्यातही चांगलं समजत नाहीत. मिलाद त्याच्या कानाशी लागून तेच कुजबुजला. मुफ्ताहनं घड्याळ पाहिलं, बूट बाजूला काढले, मांडी घातली. पहिला कप आजीला, दुसरा त्याला. तो प्यायला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं सरकारीपण उतरलं. दुसरी फेरी त्यानं स्वतः मागून घेतली. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"ही म्हातारी कुणाची?" त्यानं सहज विचारलं. "माझ्या हजेरीत म्हातारी नाही."

"अकबरेतची आई," जुफान म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले. "माझी? माझी आई कधीच गेली. मला वाटलं... तुझी सासू."

"माझी सासू इथे असती तर मी हसले असते का रोज?"

एरवी या वाक्यावर अख्खा कारखाना हसला असता. आम्ही एकमेकींची तोंडं बघत होतो. ही बाई कोणाबरोबर आली, कुठे झोपते, कुणाला माहीत नव्हतं. कारण कुणी विचारलंच नव्हतं. कॉफीला बसलेल्या वडीलधाऱ्या बाईला 'तू कुणाची' म्हणून विचारायचं? आमच्या आयांनी थोबाड फोडलं असतं. प्रत्येकीला वाटत होतं, ती दुसरीची असेल. आणि रोज पहिला कप आम्ही तिलाच देत होतो.

मुफ्ताह उठायला गेला. उठला नाही. पुन्हा जोर केला. मांडी सुटेना. आधी तो थोडा हसला, पायाला मुंग्या आल्यात म्हणाला. मग कपाळावर घाम आला.

"मिलाद... हात दे."

मिलादनं हात दिला, ओढलं. बैलाच्या ताकदीचा गडी तो, पण मुफ्ताह जागचा हलला नाही.

"तिसरी फेरी ओता," मिलाद घाबरून म्हणाला. "तिसऱ्याशिवाय उठायचं नसतं ना तुमच्यात? ओता लवकर..."

जुफाननं डबा उचलला. आजीनं आपल्या कपावर तळवा ठेवला. वडील प्यायल्याशिवाय बाकीच्यांना कसं देणार? जुफाननं डबा परत निखाऱ्यावर ठेवला. भीती वाटत होतीच, पण खरं सांगते, माझ्या पोटात कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या. इतके दिवस आम्हाला बसवून ठेवणारा आता स्वतः बसला होता.

हॉर्न वाजत राहिला, मग थांबला. ड्रायव्हर शिव्या देत निघून गेला, गाडीचा आवाज रस्त्यानं दूर गेला. तरी मुफ्ताह तिथेच. त्याला आता थंडी वाजत होती, त्या उकाड्यात त्याचे दात वाजत होते.

"तिला काय हवंय?" त्यानं मला विचारलं, अगदी हळू.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "मला काय हवंय ते माहीत आहे."

तो आजीकडे बघत होता. वस्त्राच्या आत त्याला काय दिसत होतं, देव जाणे. आमच्या बाजूनं नुसती हनुवटी दिसायची. "वल्लाह," त्यानं शपथ घेतली, "मुलगी तुझी. तूच आई. मी तसंच लिहीन."

हे बोलला आणि त्याचे पाय सुटले. असा उठला की डबा लाथाडला गेला, निखारे विझले, कॉफी फरशीवर सांडली. बूट तिथेच टाकून तो अनवाणी पळाला. मिलादनं पुढे ते बूट विकून मुलांना साखर आणली.

त्यानं खरंच तसं लिहिलं. काही आठवड्यांनी एका संस्थेनं आम्हाला विमानात बसवलं, तेव्हा डेलिना माझी मुलगी म्हणून माझ्या शेजारी बसली. आता आम्ही रवांडात आहोत. कॉफीच्या बागा घरामागच्या उतारावरून सुरू होतात. जुफान शेजारीच राहते आणि अजूनही माझ्या कॉफीला नावं ठेवते.

फक्त एक गोष्ट राहिली. त्या दिवशीची तिसरी फेरी ओतलीच गेली नाही.

मिलादचा अधूनमधून फोन येतो. पूर्वी तिसरा कप झाला की आजी दिसेनाशी व्हायची, आता जातच नाही, म्हणतो. कारखान्यात नवी कुटुंबं आली आहेत, त्यांची मुलं तिच्या मांडीत झोपतात. मुफ्ताह बदली मागून गेला. नवा साहेब एकदा अंगणापर्यंत आला, तिथूनच परतला, आणि तेव्हापासून एकही मूल आईमावशीपासून तोडलेलं नाही. नव्या बायका विचारतात, काय करायचं? मी सांगितलं, दोन फेऱ्या पाजा. तिसरी ओतू नका.

मलाच वाईट वाटतं. सगळे सुटले आणि तिला कोंडून ठेवलं ते आम्ही. पण मन धजत नाही. इथे माझ्या घरीही दोनच फेऱ्या होतात. मी इथे ओतली आणि ती तिथून उठली तर? शेजारीपाजारी मला चिक्कू म्हणतात. म्हणू देत.

तिसऱ्या फेरीची वेळ झाली की रोज फोन वाजतो. नंबर दिसत नाही, पलीकडून कोणी बोलत नाही. फक्त भाजलेल्या कॉफीचा वास येतो, आलं घातलेल्या. फोनमधून वास कसा येतो, ते मला विचारू नका.

काल मी चुलीपाशी होते, म्हणून डेलिनानं उचलला. थोडा वेळ ऐकत राहिली. मग समजूत घातल्यासारखं म्हणाली, "नाही आजी, अजून नाही. अजून मुलं आहेत ना तिथे."

तिसऱ्या फेरीचं आणि मिलादच्या फोनचं मी तिला कधी काही सांगितलेलं नाही.