ऑपरेशनआधीचे श्वास

"हे म्हणजे लग्नाआधी बारसं झालं!" पार्टिशनच्या पलीकडे भाऊ बायकोजवळ कुरकुरत होता. "ऑपरेशननंतर व्यायाम करतात हे ऐकलं होतं. पण आधीच पैसे मोजून चालायला शिकायचं? ताई काय रांगतेय का? विमावाले ऑपरेशनचे निम्मेशिम्मे देतील, ह्याचा छदामही द्यायचे नाहीत."

"हळू बोला, वन्सं ऐकतील."

वन्संनी ऐकलंच होतं! मशीनच्या पायडलवरचा ताईचा पाय जागीच थबकला आणि अर्धी शिवलेली बाही सुईखाली तशीच अडकून राहिली... आई गेली तेव्हा हेच मशीन तिनं पुढ्यात ओढलं होतं. ह्याच पायडलवर भावाची शाळा झाली, कॉलेज झालं, लग्नही झालं. तिला आलेली स्थळं मात्र एकेक करून दारातूनच परत गेली. त्याबद्दल तिनं कधी ब्र काढला नाही. त्या घराची रीतच अशी होती, की भांड्यातली शेवटची पोळी उरली की प्रत्येकाचं पोट एकदम भरायचं! 'मला नको' हे त्या घरातलं सगळ्यात प्रेमाचं वाक्य होतं, आणि ते म्हणण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग काय! पोटातली गाठ काढण्याआधी छातीत जोर यावा म्हणून डॉक्टरांनी लावून दिलेला तो व्यायाम ताईनं गुपचूप सोडून दिला. ठरल्या वेळी ती पिशवी घेऊन निघायची, कोपऱ्यावरच्या बटणं-लेसच्या दुकानात स्टुलावर बसायची आणि तासाभरानं कपाळावरचा नसलेला घाम पुसत घरी यायची. "आज फार चालवलं बाई!" असंही वर म्हणायची. खोटं बोलताना तिचं अंतःकरण कसं तृप्त व्हायचं... भावानं फीसाठी दिलेले पैसे डब्यात तसेच साठत होते, त्याचे तेवढेच वाचले!

पण व्यायाम घेणारी मुलगी चिवट निघाली. एका सकाळी ती थेट दारातच उभी राहिली.

"मावशी, गावी जातेय म्हणालात ना? गावाहून कधी आलात?"

"गावाहून?" कंगवा हातात तसाच धरून भाऊ बाहेर आला. "ताई तर रोज तुमच्याकडे येते!"

ताईनं सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा ओवलेलाच होता.

सगळं उघडं पडायला वेळ लागला नाही. भावाचा चेहरा पांढराफटक झाला. मुलगी खुर्ची ओढून शांतपणे म्हणाली, "दादा, मी खात्री देत नाही. सगळ्यांनाच सारखा गुण येतो असंही नाही. पण मावशींचा श्वास उथळ आहे. जन्मभर वाकून शिवलंय त्यांनी. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर अशा माणसाच्या छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो, मुक्काम लांबतो. आधी श्वासाचा व्यायाम झाला की तो धोका पुष्कळ कमी होतो. आणि खर्चाचंच म्हणाल तर अतिदक्षता विभागातला एक जादा दिवस माझ्या सगळ्या फीपेक्षा महाग पडेल."

"असं होय!" भाऊ घाईघाईनं म्हणाला. "मग करायलाच हवा. हे तर उलट स्वस्तात पडतंय!"

हिशेब ताईच्या बाजूनं सुटला होता. तरीही तिच्या काळजात काहीतरी कचकन रुतलं... स्वस्तात पडते म्हणून जगायचं? आणि उद्या महाग पडले तर?

"स्वस्त-महाग पुरे झालं तुमचं!" वहिनी एकदम कडाडली. एरवी कुकरच्या शिट्टीवर दचकणारी ती! "वन्सं, ह्यांना पैशाचं काही पडलेलं नाही. डॉक्टरांनी ह्यांना एकट्याला बाजूला घेऊन सांगितलंय, की ऑपरेशन जिवावरचं आहे. त्या दिवसापासून हा माणूस नळ सोडून न्हाणीघरात रडतो. व्यायाम सुरू झाला म्हणजे ऑपरेशन ठरलंच, म्हणून ह्यांना व्यायामाचा राग!"

ताईनं सुई-दोरा खाली ठेवला.

"मला का नाही सांगितलंस?" ताईनं विचारलं.

"काय सांगू?" भावाचा आवाज फुटला. "तू म्हणाली असतीस, 'मग राहू दे रे ऑपरेशन, तेवढाच खर्च वाचेल!' म्हणाली नसतीस? ताई, तू नेहमी सोडूनच देतेस... आणि आम्ही मेले तुला सोडू देतो!"

ताईला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. खरंच, अगदी हेच म्हणाली असती ती! सगळ्यांसाठी झिजले, ह्याचा केवढा अभिमान होता तिला. पण त्या झिजण्यानं ह्या वेड्या पोराला न्हाणीघरात कोंडलं होतं, हे तिला आज प्रथमच दिसत होतं.

"मावशी," मुलगी हळूच म्हणाली, "दादांचं राहू दे. तुम्हाला काय हवंय?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिनं स्वतःलाही नाही.

"मला काय, मेलं..." सवयीनं ओठ हललेच. पण पुढचं 'नको' तिनं गिळून टाकलं. तिनं भावाकडे पाहिलं. अर्धेच केस विंचरलेला, मिशीत पांढरे आलेला तिचा पोर! उथळ, तोकडा, पण होता तेवढा सगळा श्वास तिनं आत घेतला.

"मला मरायचं नाहीये रे," ताई म्हणाली. "मला जगायचंय."