काटा चाळिसावर होता

“नसीमभाभी, लगेच चला! संपत सही करतोय!”

मैना धापा टाकत मांजरी गावातल्या नसीमबानूच्या टायरच्या दुकानात शिरली. चार दिवसांपूर्वी तिच्या नवऱ्याचा ट्रक घाटाच्या उताराला सुटला आणि बायडाबाई नावाची म्हातारी चाकाखाली येऊन मेली. मांडी मोडून दवाखान्यात पडलेला संपत आज संध्याकाळी भरधाव चालवल्याची कबुली देणार होता.

“तो काय म्हणतो?” नसीमबानूने विचारलं.

“मीटरचा काटा चाळिसावर होता म्हणतो. मग म्हणतो, माझेच डोळे फुटले असतील. जेवत नाय ओ भाभी. असा मरंल तो.”

वीस वर्षं टायर हाताळलेली ती बाई दुकान उघडं टाकून निघाली.

ट्रक मालकाच्या, हिंदुरावांच्या आवारात उभा होता. मोटार वाहन निरीक्षक शरच्चंद्र कागद आवरत होते.

“ब्रेक ठीक, मीटर ठीक, टायर मापाचे. आपण आता काय तपासणार? पत्रिका?”

नसीमबानू मैनाकडे वळली. “गाडीबद्दल संपत काही बोलला होता?”

“गावाहून आल्यापास्नं कुरकुरत होता. चढाला गाडी दम टाकते, उताराला गिअरात धरत नाय.”

नसीमबानू ट्रकखाली वाकली. चोरीच्या भीतीने स्टेपनी साखळीने जखडली होती.

“किल्ली?”

“हरवली,” हिंदुराव घाईने म्हणाले.

“माझ्यापाशी हाय,” मैना म्हणाली. संपतच्या करगोट्याला बांधलेली किल्ली दवाखान्यातल्या नर्सने तिच्याच हाती दिली होती.

स्टेपनी उतरवून चाकाशेजारी उभी केली. ती चार बोटं उंच भरली. हिंदुरावांचा चेहरा पडला.

नसीमबानूने मागची चाकं जॅकवर उचलायला लावली, चाकावर खडूची रेघ ओढली आणि गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट हाताने फिरवला.

“या गाडीत शाफ्टचे सात फेरे झाले की चाक एकदा फिरतं. मोजा, साहेब.”

पाचातच रेघ जागेवर आली.

“खेपा वाढाव्यात म्हणून संपत गावी असताना यांनी मागचा अ‍ॅक्सल बदलला, कमी फेऱ्यांत चाक फिरवणारा, जास्त पळणारा बसवला. वर मोठे टायर. मीटर गिअरबॉक्सचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. काट्यावर चाळीस, रस्त्यावर साठ! त्यात उताराला इंजिन धरेना आणि ब्रेक जुनेच. अपघातानंतर टायर उतरवले. अ‍ॅक्सलला वेळ पुरला नाही, स्टेपनीला किल्ली नव्हती.”

“सगळेच करतात हो,” हिंदुराव पुटपुटले.

“सगळ्यांना नंतर बोलावू. आज आपण या,” शरच्चंद्र म्हणाले.

दवाखान्यात संपतने सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे म्या नाय मारलं तिला?” त्याने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मैना “नाय” म्हणाली.

त्याने कबुलीचा कागद सही न करता परत केला.

“मला त्या माउलीच्या घरी न्या,” तो म्हणाला. “गाडीवर म्याच होतो. तिच्या लेकीला म्याच सांगणार.”