अंगठाभर जागा

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काचेचा मोठा मास्क होता, आणि तो कशानेही बांधलेला नव्हता. पट्टा मागे नुसता लोंबत होता, दोन्ही हात मोकळे, तरी मास्क आपला चेहऱ्याला चिकटून बसलेला. तशाच अवतारात तो काउंटरमागे उभा राहून खोक्यांवर मापं लिहीत होता.

ती आत शिरली होती ती खरं तर अवकाळी पावसाची सर चुकवायला. पोहण्याच्या सामानाच्या त्या दुकानावरून ती वर्षानुवर्षं येत-जात होती, पण पायरी कधी चढली नव्हती.

"या," तो बंद नाकाने म्हणाला, सर्दी झाल्यासारखा. "मास्क तपासतोय. पट्ट्याशिवाय लावायचा आणि नाकाने श्वास ओढायचा. चिकटला तर पाणी आत येत नाही."

"आणि चिकटलाच नाही तर?"

"तर तो मास्क आपला नाही म्हणायचं."

ती हसली. तिला पाहून तोही हसला, आणि त्याबरोबर मास्क सुटून काउंटरवर आपटला.

"बघा," तो म्हणाला, "हसलं की पाणी शिरतं. पाण्यात एवढं एकच पथ्य."

मास्कखालचा चेहरा बरा होता, असं तिने मनात नोंदवलं. तिच्या स्वतःच्या पापण्यांवर पावसाचं पाणी साचलं होतं, ते तिने ओढणीने टिपलं. आणि अचानक, स्वतःलाही नवल वाटावं इतक्या सहज म्हणाली, "मला पाण्याखाली बघायचंय. एकदाच. पंधरा दिवस आहेत माझ्याकडे."

पंधरा दिवसांनी बाबा चपला-बुटांचं दुकान आवरून दादाच्या शहरात नवं दुकान मांडणार होते. त्या शहरापासून समुद्र रात्रभराच्या प्रवासावर. जन्म समुद्राकाठी गेला, पण ती कधी गुडघ्यापुढे गेली नव्हती. भीती वाटायची, दुसरं काय.

तो खुलला. भराभर खोकी काढू लागला. तिने मात्र भिंतीवरची सगळ्यात लांब नळी उचलली. "ही द्या. जितकी लांब, तितकं बरं ना?"

"लांब नळीत आपण सोडलेला श्वासच परत आपल्याला मिळतो. नव्या माणसाने आखूडच घ्यावी." त्याने एक साधं स्नॉर्कल पुढे केलं, तोंडात धरायचा भाग मऊ, खाली पाणी बाहेर टाकायची छोटी झडप. "नळी दातांत घट्ट चावायची नाही. ओठांनी नुसती धरायची."

एवढं तिने ऐकलं. पण गाडी फिन्सवर, म्हणजे त्या बदकाच्या पायांवर आली, आणि तिच्यातली दुकानदारीण जागी झाली.

"अडतीस," तो तिच्या पायाकडे पाहून म्हणाला. "अनवाणी पायात गच्च बसायला हवेत. चावायला नको, पण हलायलाही नको."

"चाळीस."

"सैल होतील."

"पुढे अंगठाभर जागा लागते. पायाचं मला शिकवू नका हो. मी बोलायच्या आधी पायाचं माप घ्यायला शिकलेय."

त्याने तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मुकाट्याने चाळीसचा जोड पिशवीत घातला. भिंतीवर पाटी होती – 'ओला झालेला माल बदलून मिळणार नाही.' तिची नजर पाटीवर गेलेली पाहून तो म्हणाला, "तुम्हाला मिळेल."

आतल्या खोलीतून त्याच्या मामांचा, म्हणजे दुकानाच्या मालकांचा, खोकला आला. तो खोकला काही दम्याचा नव्हता.

रविवारी सकाळी ती उथळ पाण्यात उतरली. कमरेइतकं पाणी, काचेसारखं. तिने मास्क लावला, नळी ओठांत धरली, डोकं वाकवणार... इतक्यात उजवा फिन पायातून निसटला आणि आपला आपण तरंगत निघाला. ती एका पायावर लंगडत त्याच्यामागे. तेवढ्यात पाण्यात कुणीतरी धावत आलं आणि त्याने फिन पकडला – दुकानातलाच तो.

"तुम्ही इथे कसे?"

"मी चार दिवस रोज सकाळी इथेच आहे," तो म्हणाला. खांद्याला पिशवी होती. त्याने ती उघडली. आत अडतीसचा जोड. "हे घाला."

ती बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग मोठे दिलेतच का?"

तो वाळूकडे बघू लागला. "बदलायला याल... म्हणून."

दुसरी कुणी असती तर लाजली असती. ती चिडली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. "आमच्या दुकानात चुकीचं माप पायात घालून कुणाला दाराबाहेर सोडत नाहीत. गिऱ्हाईक कितीही हटून बसलं तरी. मी घाबरट आहे, एवढं तरी तुम्हाला दिसलं होतं ना?"

ती दोन्ही फिन्स हातात घेऊन अनवाणी घरी गेली. पाण्याखाली न बघताच.

मग चार दिवस तिने खोकी बांधली, कपाटं रिकामी केली आणि स्वतःशी भांडत राहिली. खरं तर हट्ट तिचाच होता. पण तो म्हणाला असता, 'उद्या परत या', तर ती काय आली नसती?

गुरुवारी तो त्यांच्या चपला-बुटांच्या दुकानात आला. हातात तीच पिशवी. तोंड उघडणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "बसा. आत आलं की बसायचं, पाय पुढे करायचा."

"मी फक्त यांना..."

"आधी पाय."

तो बसला. माप घ्यायची पट्टी घेऊन ती खाली बसली. त्याचे बूट काढले, तर आत पुढच्या टोकाला कागदाचे बोळे.

"मामांचे आहेत," तो ओशाळून म्हणाला.

"माणसं दुसऱ्यांना मापं शिकवतात," ती पट्टीकडे बघत म्हणाली, "आणि स्वतः कागद भरून हिंडतात."

"चुकलो मी." हे त्याने इतक्या हळू म्हटलं की बाबांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं, कारण बाबा एकाएकी शिडी घेऊन मागच्या खोलीत गेले. "परत यायला सांगायची हिंमत झाली नाही. उद्या सकाळी याल? यावेळी माप बरोबर आहे."

"बेचाळीस," ती म्हणाली. "म्हणजे तुमचा पाय. अंगठाभर जागा धरून त्रेचाळीस."

"आणि उद्याचं?"

"उद्याचं उद्या."

पण सकाळी ती त्याच्याआधी किनाऱ्यावर होती.

अडतीसचे फिन्स पायात असे बसले, जणू पायच तेवढे लांब उगवले होते. त्याने फक्त करंगळी पुढे केली. ती धरून तिने डोकं पाण्यात घातलं. आधी नुसता आपल्याच श्वासाचा आवाज... मोठा, घाबरलेला. मग तो हळूहळू शांत झाला. खाली वाळूवर उन्हाच्या जाळ्या हलत होत्या. बोटभर पिवळे मासे तिच्या सावलीतून बिनधास्त ये-जा करत होते. वीस वर्षं हे सगळं घरापासून चार मिनिटांवर होतं, आणि ती गुडघ्यापाशी थांबली होती.

ती हसली. मास्कमध्ये पाणी शिरलं.

"सांगितलं होतं," ती खोकत उभी राहिल्यावर तो म्हणाला.

"मग हसवायचं नाही."

"मी काहीच केलं नाही."

"तेच तर," ती म्हणाली, आणि त्याची करंगळी सोडायची राहूनच गेली.

निघायच्या आदल्या दिवशी तो बूट न्यायला आला. त्रेचाळीसचा जोड तिने त्याच्या पायात घातला, दोनदा चालवून बघितला, काढला, खोक्यात ठेवायला मागे नेला. खोकं दोरीने बांधून हातात दिलं. "पुढच्या आठवड्यापर्यंत उघडायचं नाही."

"का?"

"नवे बूट आहेत. जरा मुरू द्या."

बूट कधी मुरतात का? पण तो मानेनेच हो म्हणाला. डोळे दुसरीकडे होते.

नव्या शहरातल्या दुकानाच्या दाराला घंटी होती. ती वाजली की तिची मान वर जायची, आणि प्रत्येक वेळी आत येणारे पाय कुणा दुसऱ्याचेच असायचे. पहिला आठवडा गेला. तिला वाटलं, खोकं उघडलंच नसेल. दुसरा निम्मा गेला. वाटलं, उघडलं असेल, आणि चिडला असेल... आपण चिडलो होतो तसा. भिंतीवर बाबांनी जुनीच पाटी लावली होती – 'वापरलेला जोड बदलून मिळणार नाही.' ती पाटी तिला आता खुपायची.

बाराव्या दिवशी घंटी वाजली. कागदाचे बोळे भरलेले मामांचे बूट आत आले. तिने मान वर केली नाही. बूट तिने ओळखले होते.

त्याने खोकं काउंटरवर ठेवलं. आत एकेचाळीसचा जोड, आणि त्यावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी. चिठ्ठीत नव्या दुकानाचा पत्ता आणि खाली तीन शब्द – 'बदलून मिळेल. या.'

"चावतात," तो म्हणाला. पाय न दुखताही त्याचा चेहरा रात्रभराच्या प्रवासाने आंबला होता.

"माहितीये."

"तुमच्या दुकानात चुकीचं माप देत नाहीत म्हणे."

"नाहीत देत." आता तिने वर पाहिलं. "एकदाच दिलं. पुन्हा येशील की नाही, ते विचारायची माझीही हिंमत झाली नाही."

तो हसला. बाबांनी मागून विचारलं, "कोण आलंय गं?" ती म्हणाली, "आपलंच माणूस आहे," आणि तोंडून गेल्यावर काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

परवा, इतक्या वर्षांनी, पलंगाखालचं खोकं त्यांच्या लेकीने ओढून काढलं. चाळीसचे फिन्स, एकेचाळीसचे कोरे बूट. पाच वर्षांच्या अकलेने तिने दोन्ही जोड आईच्या पायाला लावून बघितले, मग पळत जाऊन बाबाच्या.

"हे तर कुणालाच होत नाहीत," ती म्हणाली. "टाकून द्यायचे?"

आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा दारात उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघंही एकदम म्हणाले,

"नको."